मशीनमधले कंट्रोलर एकमेकांशी बोलेनासे झाले की: पोकलेन-लोडरच्या कॅन लाइनचा फॉल्ट शोधायची रीत

पावसाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, खानापूर तालुक्यातल्या एका चिऱ्याच्या खाणीवरून फोन आला. वीस टनी एक्सकॅव्हेटर, आपल्याकडं ज्याला सरसकट पोकलेन म्हणतात ते. इंजिन चालू व्हायचं, पण रेस घेत नव्हतं. डिस्प्लेवर आरपीएम, पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर या सगळ्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. ऑपरेटर गोकाककडचा. तो म्हणाला, "गाडी स्टार्ट आगतैति, आद्र पिकप इल्लरी." माझ्याआधी दोघं येऊन गेले होते. पहिल्यानं इंजिनाचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कंट्रोलर, बदलायला लावला, दुसऱ्यानं डिस्प्ले. मालकाचे लाखाच्या वर पैसे गेले आणि रेघा तशाच.

फॉल्ट सापडला केबिनच्या फरशीखाली. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एका ब्रॅकेटच्या धारेवर घासून पिवळ्या वायरचं तांबं उघडं पडलं होतं आणि पत्र्याला टेकत होतं. मोजायला पाच मिनिटं लागली, जागा शोधायला दीड तास. त्या मालकाचा चेहरा मी विसरलो नाही, म्हणून हे सगळं लिहितोय. माझं मत ठाम आहे: कंट्रोलर सगळ्यात शेवटी बदलायचा, त्याआधी मीटर लावून मोजायचं. आजवर मी पाहिलेले बहुतेक फॉल्ट वायर, कपलर (वायरी जोडणारे पिनांचे जोड) आणि अर्थ (बॅटरीच्या वजा टोकाकडं जाणारी जोडणी) या तीन ठिकाणीच निघाले.

ही लाइन म्हणजे नेमकं काय

पूर्वी प्रत्येक सेन्सरची वायर थेट मीटरपर्यंत यायची. आता इंजिनाचा ईसीएम, पंपाचा कंट्रोलर, गिअरबॉक्सचा कंट्रोलर आणि केबिनमधला डिस्प्ले हे सगळे दोनच वायरींवरून बोलतात. बॉश कंपनीनं ही पद्धत मोटारींसाठी काढली आणि १९८६ साली जाहीर केली. तिला कॅन म्हणतात. जड वाहनांसाठी आणि बांधकामाच्या मशीनसाठी तिच्यावर जे नियम बसवले, ते म्हणजे जे१९३९. चाकावरच्या मशीनना एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ हे धुराचे नियम लागू झाले, तेव्हापासून साध्या बॅकहो लोडरमध्येही हे जाळं चांगलंच पसरलंय.

दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. जे१९३९ मध्ये बहुधा पिवळी हाय आणि हिरवी लो. कुणी बोलत नसतं तेव्हा दोन्हींवर अडीच व्होल्ट असतात. बोलताना हाय साडेतीनपर्यंत चढते आणि लो दीडपर्यंत उतरते. ऐकणारा कंट्रोलर फक्त या दोघींतला फरक बघतो. बाहेरून कुठला गोंगाट आला तर तो पिळलेल्या दोन्ही वायरींवर सारखाच येतो, फरक तेवढाच राहतो. म्हणून पीळ महत्त्वाचा आहे, आणि म्हणूनच पीळ उसवून टेप गुंडाळलेली दुरुस्ती मला बघवत नाही.

लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रेझिस्टर असतो. खोल विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो आणि पुढच्या हाकेत मिसळतो. तसंच उघड्या टोकावरून सिग्नल परत फिरतो. रेझिस्टर तो गिळून टाकतो. काही मशीनवर हा रेझिस्टर वेगळ्या तीन पिनांच्या टोपणात असतो, काहींवर कंट्रोलरच्या पोटातच. तुमच्या मशीनवर तो कुठं आहे हे सर्किट डायग्राममध्ये आधी बघून ठेवा, पुढं त्याचा फार उपयोग होतो.

पाना हातात घेण्याआधी विचारा

साइटवर पोचल्यावर मी पहिली दहा मिनिटं मशीनला हात लावत नाही. ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारतो. कन्नड बोलणारा असेल तर "निन्ने एन माडिद्री?" एवढ्या एका प्रश्नावर अर्धं काम होतं. काल काय केलं? बकेटला वेल्डिंग मारलं का? मशीन धुतलं का? बॅटरी उतरली म्हणून दुसऱ्या गाडीवरून जोड दिला का? कुणी जीपीएस बसवला का? रॉक ब्रेकरची पाइपिंग नवीन टाकली का? विचारताना दरडावू नका. आपल्यावर येईल या भीतीनं ऑपरेटर गप्प बसतो आणि तुमचा दिवस जातो.

मशीन कुठल्या भागात काम करतंय यावरूनही अंदाज बांधता येतो. जांबोटी-कणकुंबीकडं, म्हणजे मलप्रभेच्या उगमाच्या बाजूला, पावसाचं पाणी आणि तांबडी माती कपलरमध्ये शिरते. पिना हिरव्या पडतात. अथणी, रायबाग, चिकोडीच्या ऊसपट्ट्यात उंदीर वायरी कुरतडतात. मशीन आठ-पंधरा दिवस उभं राहिलं की सीटखाली आणि बॅटरीच्या पेटीत घरटंच सापडतं. तिथल्या काळ्या मातीचा चिखल वाळला की दगडासारखा होतो आणि खालून गेलेल्या हार्नेसला ओढ बसते. क्रशरवर आणि ब्रेकर लावलेल्या मशीनवर थरथरीनं पिना सैल होतात. बेळगावच्या पश्चिमेला गेलो की मी आधी पाणी शोधतो, पूर्वेला गेलो की आधी दात. हा नियम नाही, पण वेळ वाचतो.

कोड वाचा, पण त्यांचं बोट कुणाकडं आहे ते बघा

डिस्प्लेवर किंवा लॅपटॉपवर दिसणारे सगळे कोड आधी कागदावर उतरवा. कोणत्या कंट्रोलरनं कोड दिला, तो आत्ता चालू आहे की जुना, किती वेळा आला, हेही लिहा. उतरवण्याआधी पुसू नका. घाईत पुसलेला कोड म्हणजे हातानं मिटवलेला पुरावा.

जे१९३९ च्या कोडमध्ये दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो कुठल्या गोष्टीबद्दल तक्रार आहे, एफएमआय सांगतो तक्रार काय आहे. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १९० म्हणजे इंजिनाचा वेग, ६३९ म्हणजे खुद्द ही संवादाची लाइन. एफएमआय ३ आला तर व्होल्टेज जास्त, ४ आला तर कमी. हे दोन बहुतेक वेळा त्या सेन्सरच्याच वायरीकडं नेतात. पण एफएमआय ९ आला तर अर्थ वेगळा: माहिती वेळेवर येत नाहीये. १९ आला तर लाइनवरून आलेली माहितीच चुकीची आहे. ११० वर १९ दिसला म्हणून तापमानाचा सेन्सर बदलणारे मी पाहिलेत. सेन्सर बिचारा बरोबर असतो, निरोप पोचवणारी वाट बिघडलेली असते.

आता मुख्य गोष्ट. कोण कुणाबद्दल तक्रार करतोय त्याची यादी करा. डिस्प्ले म्हणतो इंजिन ऐकू येत नाही, पंपाचा कंट्रोलरही म्हणतो इंजिन ऐकू येत नाही, पण डिस्प्ले आणि पंपाचं आपसांत ठीक चाललंय. मग बोट इंजिनाच्या ईसीएमकडं आहे. एकतर त्याला करंट नाही, अर्थ नाही, किंवा त्याच्याकडं जाणारी फांदी तुटलीय. तो स्वतः जळाला असेल ही शक्यता या तिघांनंतरची. आणि सगळेच सगळ्यांबद्दल ओरडत असतील तर मुख्य लाइनवरच काहीतरी आहे: शॉर्ट, तुटलेली वायर, नाहीतर एखादा कंट्रोलर वेडा होऊन सगळी लाइन अडवून बसलाय.

बॅटरी आणि अर्थ

मीटर कॅन लाइनला लावायच्या आधी बॅटरीला लावा. २४ व्होल्टच्या मशीनवर इंजिन चालू असताना २७ ते साडेअठ्ठावीसच्या आसपास मिळायला हवं. स्टार्टर मारताना १९ च्या खाली घसरत असेल तर कंट्रोलर मध्येच बंद पडून पुन्हा उठतात आणि संवादाचे कोड ढिगानं जमतात. अशा वेळी फॉल्ट बॅटरीचा, शिक्षा वायरिंगला.

मग ज्या कंट्रोलरवर संशय आहे त्याच्या कपलरवर करंट आणि अर्थ तपासा. नुसता व्होल्टेज बघून भागत नाही, कारण एका तारेवर लटकलेली वायरही मीटरला पूर्ण २४ दाखवते. लोड देऊन बघा. २४ व्होल्टचा साधा हेडलाइटचा बल्ब त्या पिनांवर लावा. तो झगझगीत पेटला तर वायर खरी, मिणमिणला तर कुठंतरी कमजोर आहे. फक्त हे करताना कपलर कंट्रोलरपासून काढलेला हवा आणि पिनांवर बल्बची जाड टोकं कोंबायची नाहीत. अर्थसाठी बॅटरीच्या वजा टोकापासून कंट्रोलरच्या अर्थ पिनपर्यंत, मशीन चालू असताना, व्होल्टेज मोजा. शून्याच्या जवळ हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर चेसिसवरचा अर्थचा बोल्ट सोडा, रंग आणि गंज घासून चकचकीत करा, पुन्हा आवळा. नुकत्याच रंगवलेल्या सेकंडहँड मशीनवर हा फॉल्ट हमखास मिळतो.

साठ ओमची कसोटी

आता बकेट जमिनीवर टेकवा, हायड्रॉलिकचा सेफ्टी लिव्हर लावा, चावी बंद करा आणि मेन कटऑफ पाडा. डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी, त्याची टाकी असलेल्या मशीनवर चावी बंद केल्यावर काही मिनिटं थांबूनच कटऑफ पाडायचा. पंप पाइपमधलं डीईएफ परत ओढून घेत असतो. मधेच करंट तोडला तर ते तिथंच सुकून खडा होतं.

डायग्नोस्टिकचा नऊ पिनांचा गोल सॉकेट शोधा, बहुधा केबिनमध्ये सीटच्या मागं किंवा फ्यूजच्या पेटीजवळ असतो. प्रमाण मांडणीत सी म्हणजे हाय, डी म्हणजे लो, ए बॅटरीचं वजा, बी अधिक. काळा सॉकेट २५० केबीपीएसचा (माहितीचा वेग, सेकंदाला हजार बिटांत), हिरवा ५०० चा. जुन्या काळ्या जोडाची केबल हिरव्यात बसतच नाही, जोर करू नका. पण सावध राहा: काही कंपन्यांच्या मशीनवर दिसायला अगदी तसाच सॉकेट असतो आणि आतली मांडणी वेगळी असते. डायग्राम न बघता पिना धरू नका.

आधी मीटर व्होल्टवर ठेवून सी आणि डी मध्ये शून्य आहे ना ते बघा. करंट शिल्लक असेल तर ओम खोटे दिसतात. मग ओमवर घ्या.

६० च्या आसपास आलं, समजा ५५ ते ६५, तर दोन्ही टोकांचे रेझिस्टर जागेवर आहेत आणि मधली लाइन सलग आहे. दोन १२० शेजारी जोडले की ६० होतात, एवढंच त्याचं गणित.

१२० आलं तर एकच रेझिस्टर दिसतोय. दुसरा निघालाय, किंवा मध्ये कुठंतरी दोन्हींपैकी एक वायर तुटलीय. अशा अवस्थेत मशीन कधी चालतं, कधी नाही. "सकाळी ठीक असतं, दुपारी बंद पडतं" ही तक्रार आली की मला पहिला हाच आकडा आठवतो.

४० आलं तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय. नव्यानं बसवलेला जीपीएस ट्रॅकर बघा. काहींच्या पोटात १२० ओम असतो आणि बसवणारा पोरगा जिथं हात पोचतो तिथं वायर कापून जोडून मोकळा होतो. ट्रॅकर काढा, पुन्हा मोजा.

शून्याजवळ आलं तर हाय आणि लो एकमेकींना चिकटल्यात. आकडाच आला नाही, लाइन उघडी दाखवली, तर सॉकेटपर्यंत येणारी फांदीच तुटलीय.

एवढं झालं की एक मोजमाप आणखी, जे बरेच जण सोडून देतात. हाय ते चेसिस आणि लो ते चेसिस, दोन्ही वेगवेगळं मोजा. हजारो ओम यायला हवेत. खानापूरच्या त्या मशीनवर सी आणि डी मध्ये साठ बरोबर येत होते. म्हणूनच आधीच्या दोघांनी लाइन चांगली आहे असं ठरवलं असावं. पण हाय ते चेसिस एक ओमसुद्धा नव्हता.

चावी ऑन करून

कटऑफ चढवा, चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी तार बॅटरीच्या वजाला. हाय अडीचपेक्षा थोडी वर, लो अडीचपेक्षा थोडी खाली, आणि दोघींची बेरीज पाचच्या जवळ असेल तर लाइनवर बोलणं चालू आहे. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळं साडेतीन आणि दीड दिसणार नाहीत. ते बघायला ऑसिलोस्कोप लागतो. हातात मावणारा लहान स्कोप आता परवडतो, आणि गर्दीच्या लाइनवर कुणाचा सिग्नल विद्रूप आहे ते त्याच्यावर एका नजरेत कळतं. हे काम पोटापाण्याचं असेल तर घ्याच.

दोन्हींवर हुबेहूब सारखा आकडा आणि ओममध्ये शून्य, तर दोघी चिकटल्यात. दोन्ही शून्याजवळ, तर हाय अर्थला टेकलीय किंवा कंट्रोलरना करंटच नाही. दोन्ही बॅटरीच्या व्होल्टेजकडं चढलेल्या, तर लो कुठल्यातरी करंटच्या वायरीला लागलीय. मधल्या कामदिव्याची वायर एकदा सापडली होती मला अशी.

अर्ध्या-अर्ध्यानं जागा पकडा

लाइनवर फॉल्ट आहे हे ठरलं, आता तो कुठं आहे? सगळं हार्नेस उकलत बसू नका. डायग्राममध्ये लाइनच्या साधारण मध्यावर असलेला कपलर निवडा. एक्सकॅव्हेटरवर तो बहुधा केबिनमधून इंजिनाकडं जाणाऱ्या हार्नेसचा जोड असतो. कटऑफ पाडून तो सोडा आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं मोजा. प्रत्येक बाजूला आता १२० यायला हवेत, आणि चेसिसला हजारो. जी बाजू चुकते तिकडं फॉल्ट. मग त्या बाजूचा मधला कपलर. तीन-चार वेळात तुम्ही हातभर लांबीवर येता.

एखादा कंट्रोलरच लाइन अडवत असेल तर तेही असंच कळतं. चावी बंद करून एकेक कंट्रोलरचा कपलर काढायचा, चावी ऑन करून व्होल्टेज बघायचं. ज्याला काढल्यावर बाकीचे बोलायला लागले तो संशयित. मात्र ज्याच्या पोटात रेझिस्टर आहे तो काढला की ६० चे १२० होणारच. त्याला फॉल्ट समजू नका.

मध्येच येणारा-जाणारा फॉल्ट सगळ्यात जास्त घाम काढतो. मीटरवर किमान-कमाल पकडायची सोय असेल तर ती लावा आणि एकाला हार्नेस हलवायला सांगा: वाकवा, दाबा, कपलर पिळा. इंजिन चालू असताना हे करायचं तर पंखा, बेल्ट आणि तापलेला सायलेन्सर यांच्यापासून हात लांब. मोकळ्या जागेत केबिन एका बाजूला फिरवून थांबा, मोजा, दुसऱ्या बाजूला फिरवा. थंड मशीनवर काहीच सापडलं नाही तर दोन तास काम करू द्या आणि तापल्यावर पुन्हा मोजा. कपलर उघडल्यावर मादी पिन नीट बघा. त्याच मापाची सुटी नर पिन तिच्यात हलकेच घालून ओढा. थोडी अडून निघाली तर ठीक, आपोआप घसरली तर पिन फाकलीय. मीटरचं टोक पुढून कोंबून पिन फाकवणारे आपणच असतो. मागच्या बाजूनं पातळ सुई-पिन घालून मोजा, आणि वायरीच्या कातडीला टाचणी टोचू नका. आज टोचलेल्या भोकातून पुढच्या पावसात पाणी जातं.

दुरुस्ती

हिरवी पडलेली पिन कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ होते, पण खड्डे पडले असतील तर बदला. सॅंडपेपर नको, मुलामा निघून जातो. कपलरचं रबर सील फाटलेलं असेल तर नवीन घाला, रिकाम्या भोकात बूच हवंच.

तुटलेली वायर जोडताना त्याच जाडीची वायर, चांगल्या क्रिम्परनं दाबलेला जोड आणि वर आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी वापरा. गुंडाळलेली काळी टेप उन्हानं सुटते. नुसतं सोल्डर थरथरीत कडेला तुटतं. दोन वायरींचे जोड एकाच जागी आणू नका, थोडे मागंपुढं ठेवा आणि पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत परत घाला. जिथं घासलं होतं तिथं रबरी क्लॅम्प लावा, नाहीतर वर्षभरात त्याच ब्रॅकेटपाशी परत याल.

वेल्डिंगबद्दल मालकांना आणि ऑपरेटरना हात जोडून सांगतो. बकेटचा दात असो की बूमची चीर, वेल्डिंगआधी कटऑफ पाडा, बॅटरीची वजा केबल काढा, कंपनीच्या पुस्तकात सांगितले असतील ते कंट्रोलरचे कपलर सोडा. वेल्डिंगचा अर्थ जिथं काम आहे तिथंच, अगदी जवळ लावा. ट्रॅकला अर्थ लावून बकेट वेल्ड केली तर करंट वाटेतल्या बेअरिंगमधून आणि हार्नेसमधून वाट काढतो.

एवढं करूनही कंट्रोलरच्या कपलरवर करंट, अर्थ, दोन्ही वायरी सगळं बरोबर आहे आणि तो तरी बोलत नाही, तेव्हाच नवीन मागवा. मागवताना मशीनचा सिरियल नंबर द्या, कारण बहुतेक कंट्रोलरमध्ये त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर भरावं लागतं. शेजारच्या मशीनचा काढून घातला आणि चाललं नाही, म्हणून जुना चांगला ठरत नाही की वाईटही ठरत नाही.

काम झालं की कोड पुसा, मशीन तासभर भरपूर भार देऊन चालवा, आणि पुन्हा कोड बघा. मग फ्यूजच्या पेटीच्या झाकणाच्या आत मार्करनं तारीख, सी-डी मधले ओम, हाय आणि लो चे व्होल्ट लिहून ठेवा. खानापूरच्या त्या मशीनच्या झाकणावर मी लिहिलेलं अजून आहे: ६०.४ ओम, २.६८, २.३१. गेल्या पावसाळ्यात पुन्हा तक्रार आली तेव्हा तिथल्याच ऑपरेटरनं फोनवर मीटर लावून वाचून दाखवलं, "साब, एकशे वीस बरतैति," आणि मी निघण्याआधीच पिशवीत नवीन रेझिस्टरचं टोपण टाकलं.